चार बोटं उघडा ताणा

रात्री पावणेदोनला माझं कर्नल अठ्ठाविसाव्यांदा मेलं.
मेलं म्हणजे काय,
काळा पडदा, एक उचकी, पुन्हा काळा पडदा.
जन्मतं, आणि तोंडातून अक्षर फुटायच्या आत
पुन्हा पहिल्यापासून जन्मतं.

खाली मागाची खडखड.
साखर पेठेतल्या आमच्या घरात जिना हेच कपाट,
पायऱ्यांवर बॉबिनचे खोके,
खोक्यांवर तांदळाचा डबा, डब्यावर माझी पुस्तकं.
पाणी चार दिवसांआड, म्हणून उरल्यासुरल्या जागेत घागरी.
इथे वाढलेल्या मुलीचा
रिकामी जागा दिसली की हात शिवशिवतो.

म्हणून तर परवा लिंकर स्क्रिप्टमधल्या
त्या चार ओळी मी खोडल्या.
"उगाच भोकं पडतात गं मेमरीत," असं मीच मला म्हटलं,
आणि गड्डमांच्या मुरलीला दाखवलं.
तो म्हणाला, वा, आटोपशीर.

आटोपशीर!
कोड आणि त्याचे न बदलणारे शब्द
बावीस हजार तीनशे सोळा बाइटांवर संपले,
आणि त्यांच्या शेपटीला लगटून
त्याच पानावर डेटा येऊन बसला.
पान चार हजार शहाण्णवचं.
ते कुणासाठी अर्धं फाडून मिळत नाही,
कुलूप लागतं ते सबंध पानाला:
वाचा, चालवा, लिहू नका.
माझा मोजणीचा एक साधा आकडा
शून्याचा एक व्हायला निघाला
की उंबऱ्यातच अडवला जायचा.
ती चूक झेलायला मी कुणाला नेमलं नव्हतं.
न झेललेली चूक, तिच्यावर दुसरी चूक,
तिसरीला मशीन हात टेकतं आणि नव्याने उठतं.

हे सगळं मला तेव्हा कुठे ठाऊक होतं?
खडखड थांबली म्हणून चहा घेऊन खाली गेले.

नान्ना एक चादर संपवून
धोटा बाजूला ठेवून
हाताने रूळ फिरवत होते.
मोराचं शेवटचं पीस मागे सरकलं,
मग नुसता ताणा, आडवा धागा नसलेला, पिवळ्या बल्बखाली.
"किती सोडता?"
"चार बोटं."
"शेटजी वेस्ट वजन करून कापतात ना तुमचं?"
"कापू देत. कात्रीला जागा कुठून आणू?
चिकटून विणली, तर हिची किनार राखता राखता
तिचा मोर मरतो."
चहाचा घोट घेतला, मग म्हणाले,
"माझी चार बोटं हं. तुझी असतील तर पाच धर."

मी कपही उचलला नाही. जिना दोन-दोन पायऱ्यांनी.

लिंकरच्या भाषेत एक टिंब असतं.
त्याचा अर्थ एवढाच, की आत्ता मी इथवर आलोय.
मी टिंबाला म्हटलं,
असशील तिथून ऊठ,
पुढच्या पानाच्या तोंडाशी जाऊन उभं राहा.
ते चोवीस हजार पाचशे शहात्तरवर जाऊन उभं राहिलं.
मधे दोन हजार दोनशे साठ बाइट.
आमच्या घरात एवढ्या जागेत
दोन माणसं, एक शिलाई मशीन आणि देव राहिले असते.
मी ती तशीच सोडली.
खोडलेल्या बाकीच्या तीन ओळीही परत लिहिल्या,
वरमून, एकेक.

एकोणतिसाव्या वेळी
पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी वर,
एक हिरवं अक्षर आलं. माझ्या नावातलं पहिलं.
आलं आणि राहिलं.

नान्ना मागे कधी येऊन उभे राहिले कळलं नाही.
चष्मा कपाळावर, कानात सुताचा बारीक कापूस.
"इंतेना?"
इतकंच का, म्हणतात.
सहा महिने, रात्रीचं लाइट बिल, आणि एक अक्षर.
"अंते," मी म्हटलं.
त्यांनी त्या अक्षराकडे बराच वेळ पाहिलं,
चादरीत गाठ शोधावी तसं.

सकाळी कात्री चालली.
मोर मोरापासून सुटा झाला,
दोन्हीकडे दशा लोंबल्या,
आणि मधल्या तुकड्यातले जे धागे कुणाचेच नव्हते
त्यांचा बोळा करून
नान्नांनी मागाचं तेल पुसलं.